तिसरं बोट

"परवा आसगावले पोरगी पाहाले जातो," खुर्चीत पसरून निकेश म्हणाला. "तिचा बाप म्हनते, खर्रा खानारा पोरगा नाई पायजे. तं दात पांढरे करून टाका, डॉक्टर."

ती पोरगी मीच. भंडाऱ्याच्या दातांच्या दवाखान्यात मी डॉक्टरांच्या हाताखाली काम करते. तोंडावर मास्क होता, आणि माझ्याकडे नीट बघायची तसदी या गृहस्थाने घेतली नव्हती.

घरचे सगळे उपाय करून झाले होते. लिंबू-सोडा घासला, कोळशाची पावडर घासली. हिरड्या सोलल्या, खर्र्यातल्या तंबाखू-सुपारीचे डाग जागेवर. डॉक्टर म्हणाले, दातांचा साचा देतो, घरीच त्यात जेल भरून रोज लावा, पंधरा दिवसांत फरक पडेल. पण साहेबांना परवाच उजळायचं होतं. मग दात साफ करून जेल लावलं, निळा दिवा दाखवला. त्याआधी तोंड किती उघडतं ते पाहिलं. आपली तीन बोटं उभी आत जायला हवीत. याची दोनच गेली.

"खर्रा सोडा, नाहीतर तोंड बंद होईल," डॉक्टर म्हणाले.

"पन चमकतीन ना?" याने विचारलं.

दोन दिवस चहा नको, हळदीचं नको, हे मीच त्याला बजावलं. तिथेच मास्क काढायला हवा होता. पण हा माणूस माझ्या बाबांसमोर किती खोटं बोलतो ते मला बघायचं होतं. खर्र्यापायी बाबांच्या तोंडात आता एकच बोट जातं. भात कालवून चमच्याच्या टोकाने खातात.

रविवारी स्वारी आसगावला आमच्या घरी आली. दात ट्यूबलाइटसारखे. पोहे नको, चहा नको.

"चहासुद्दा नाई!" माझे भैयाजीकाका हरखले. "असा पोरगा कुठं भेटते आता?"

आई माझ्याकडे बघून हसली. मला सगळ्यांचीच कीव आली.

"आन् खर्रा?" बाबांनी विचारलं.

"कधीच नाई, बाबूजी. वासानंच मळमळते."

बाबांनी मान डोलावली. आता होकारच द्यायचे. तेवढ्यात काकांनी सवयीने खिशातून प्लास्टिकची पन्नी काढली, तिच्यातच खर्रा घोटला आणि चिमूट पुढे केली. निकेशचा तळहात आपोआप समोर आला. बोलणं चालूच होतं त्याचं. मग सगळ्यांच्या नजरा तिकडे वळल्यावर त्याला तो हात दिसला.

"मोठ्या मानसाचा मान राखा लागते ना," तो म्हणाला.

माझा संयम संपला. "तीन बोटं तोंडात घालून दाखवा. परवा दोनच गेली होती."

त्याने माझा आवाज ओळखला. चेहरा पडला.

"घाल, बेटा," बाबा म्हणाले.

सगळ्यांदेखत त्याने घातली. दोन गेली. तिसरं बोट त्या पांढऱ्याशुभ्र दातांवर आपटत राहिलं.

बाबांनी आपलं एक बोट तोंडात घालून दाखवलं, बाहेर काढलं, पंच्याला पुसलं.

"तुह्या वयात माहीबी दोन जात होती," ते म्हणाले.