बेटावरचा पांढरा घोडा

"मी मागे बसणार नाही," घड्याळजी म्हणाले, आणि मुकाट्यानं मागच्या सीटवर बसले.

एकतीस वर्षं ही दोघांची सायकल त्यांनीच पुढून हाकली होती. पुढे हँडल, ब्रेक, घंटी. मागे नुसती पॅडल आणि बायको. पण गेल्या थंडीत डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं, मधली नजर गेली, ती काही परत यायची नाही. कडेचं तेवढं दिसेल, तेही किती दिवस ते सांगता येत नाही. म्हणजे समोर माणूस उभा राहिला तर चेहरा गायब, कान मात्र दोन्ही जागेवर. ज्यानं जन्मभर मुंगीच्या डोक्याएवढे स्क्रू चिमट्यानं उचलले, त्याच्याच वाट्याला हे यावं! घड्याळांच्या दुकानाला कुलूप लागलं. दरवर्षीच्या तीन तळ्यांच्या सहलीला मात्र लावायचं नाही, असं बायकोनं ठरवून टाकलं.

बायको निवृत्त होईपर्यंत टेलिफोन एक्स्चेंजमध्ये होती. सगळं गाव तिला हॅलोबाई म्हणायचं, आणि तोंडाचा पट्टा असा की नाव शोभायचं. नणंदेनं फोनवर ऐकवलंच, "वहिनी, या वयात हातपाय मोडून घ्यायची हौस आलीय का? दादाला दिसत नाही आणि तुला चालवता येत नाही!"

"वन्सं, तुमच्या दादांची पाठ एकतीस वर्षं बघितली," हॅलोबाई म्हणाली, "आता जरा रस्ता बघते."

रस्ता कसला, सूचनाच ऐकत होती बिचारी. पहिलं तळं यायच्या आतच मागून सुरू झालं. "गिअर उतरव." "ब्रेक हळू." "पुढे उजवीकडे खड्डा आहे, सांभाळ."

"अहो, तो खड्डा बुजवून दहा वर्षं झाली! उंटावरून शेळ्या हाकू नका."

"मग एकतीस वर्षं मागे बसून तू काय करत होतीस?"

काय करत होती? बघत होती आणि सांगत होती. तळ्याकाठचे ते रस्ते एवढे अरुंद, की एका बाजूला डोंगर आणि दुसऱ्या बाजूला थेट पाणी. पुढच्यानं मान वळवली की दोघं तळ्यात. घड्याळजी नाकासमोर बघून चालणारे, आणि चालवणारेही तसेच. त्यामुळे डोंगरातली ही तिन्ही तळी त्यांनी पाहिली ती बायकोच्या तोंडून. "पाण्यावर धुकं आहे हो." "लाल होडी उलटी करून ठेवलीय." "त्या घराच्या खिडकीत मांजर बसलंय, तुमच्या बहिणीसारखं बघतंय." एक्स्चेंजमध्ये ती दिवसभर इकडचा माणूस तिकडे जोडून द्यायची; इथेही तेच करायची.

आणि वाटा फुटल्या की नियम एकच. ज्या रस्त्याच्या मधोमध गवत, तो आपला. गवत आहे म्हणजे चाकं फार फिरत नाहीत. तिथे दिवसभरात एखादी दुधाची गाडी आणि एखादा पोस्टमन भेटायचा. बाकी चेनचा आवाज आणि हॅलोबाईचा.

यंदा मात्र हॅलोबाईचा आवाज खोल गेला होता. वरचं तळं जवळ येत होतं, आणि वरच्या तळ्याच्या बेटावर घोडा होता. म्हणजे नव्हता. तीच तर पंचाईत.

पहिल्या वर्षीची गोष्ट. घरात बाळ आलं होतं आणि नऊ दिवसांचं होऊन गेलं होतं. दोन महिन्यांनी घड्याळजींनी दोन मोडक्या सायकली एका वेल्डरकडून जोडून आणल्या आणि म्हणाले, चल. वरच्या तळ्याच्या चढावर तिला दिसलं, नवऱ्याची पाठ हलतेय. चढानं हलते तशी नाही. दवाखान्यात ज्याच्या डोळ्यांतून टिपूस आलं नव्हतं तो माणूस हँडल धरून हुंदके देत होता. काहीतरी बोलायला हवं होतं, आणि तिच्या तोंडून निघून गेलं, "अहो, बेटावर पांढरा घोडा!"

पाठ थांबली. "काय करतोय?"

"चरतोय."

झालं. त्या थापेला चार पाय फुटले. दरवर्षी त्या वळणावर घड्याळजी विचारायचे, "आहे का?" आणि ही म्हणायची, "आहे." कधी तो लंगडायचा, कधी पाण्यात उभा असायचा. दुसऱ्या वर्षी हिनं त्याच्यासोबत एक शिंगरूही सोडलं. मग ते विचारायचे, "आणि शिंगरू?" ही म्हणायची, "आहे ना, आईच्या मागे मागे." म्हणजे घोड्याची घोडी झाली, तरी त्यांनी हरकत घेतली नाही. शिंगरू तीस वर्षं शिंगरूच राहिलं, तरीही नाही. आणि हा गृहस्थ कोण? नगरपालिकेचं घड्याळ दोन मिनिटं मागे पडलं तर लेखी तक्रार घेऊन जाणारा! पुढे चालणारं घड्याळ म्हणजे खोटारडं घड्याळ, असं गिऱ्हाइकाच्या तोंडावर सांगणारा.

आणि आता तो मागे बसला होता. कडेचं त्याला दिसत होतं. तळं कडेलाच होतं.

शेवटच्या फाट्यावर हॅलोबाईनं हँडल गुपचूप उजवीकडे वळवलं. चोराच्या मनात चांदणं. उजवीकडचा मोठा रस्ता तळं टाळून थेट गावात उतरायचा. शंभर पावलंही झाली नसतील, एक ट्रक अंगावर धूळ उडवून गेला.

"हा मोठा रस्ता आहे," मागून आवाज आला.

"लवकर पोचू म्हटलं."

"कुठे पोचायचंय आपल्याला?"

तिनं नुसतीच घंटी वाजवली.

"गवत कुठल्या रस्त्यावर आहे?"

"डावीकडच्या," तिला सांगावं लागलं.

"मग डावीकडे घे." मग म्हणाले, "अगं, ते वरचं तळं मी कधी बघितलंच नाही. यंदा बघतो. पुढच्या वर्षी कडेचं तरी राहील का, कोण जाणे."

तिनं सायकल वळवली. या माणसाची दृष्टी चालली, दुकान गेलं. आता हातात राहिलेली एक गोष्ट, तीही खोटी निघणार, आणि ती खोटी करणारी आपण. चढावर पॅडल मारता मारता तिला वाटलं, आत्ताच सांगून टाकावं.

"अहो, ऐकता का..."

"बोलू नकोस, दम लागेल. चढ संपू दे."

चढ संपला. वळण आलं. मागे वजन डावीकडे झुकलं, म्हणजे त्यांनी मान वळवली. हॅलोबाईनं डोळ्यांत तेल घालून रस्ता धरला, मधल्या गवताची एक एक काडी मोजावी तशी.

मग घड्याळजी म्हणाले, "आहे."

तिनं दोन्ही ब्रेक करकचून दाबले. पाय टेकवून वळून पाहिलं. बेट होतं, चार झुडपं होती, दोन बदकं होती.

"काय आहे?"

"घोडा. पांढरा."

तिला रडूच फुटलं. "नाही हो. तिथे घोडा नाहीये. कधीच नव्हता. मी थाप मारली होती."

"माहीत आहे."

"काय माहीत आहे?"

"पहिल्याच वर्षी कळलं. दुसऱ्या दिवशी पहाटे, पंप राहिला म्हणून मी मागे आलो होतो, आठवतं? पंप पिशवीतच होता. इथे एक नावाडी होता, त्याला विचारलं. अंधुक होतं, मला तर पाणीसुद्धा धड दिसलं नाही. तो हसला. म्हणाला, साहेब, त्या बेटावर शेळी टिकत नाही, घोडा कुठला?"

हॅलोबाईनं डोळे पुसले. "मग दरवर्षी विचारत कशाला होतात? माझी गंमत बघत होतात?"

"गंमत?" घड्याळजींनी मान तिरकी केली, तिचा चेहरा दिसायला त्यांना आता तिच्या कानाकडे बघावं लागायचं. "दवाखान्यातून आलीस ती दोन महिने एक शब्द बोलली नव्हतीस. घरात नुसती घड्याळं बोलायची. तुला एकटीला ठेवून दुकानात जायची भीती वाटायची मला. म्हणून तर ही सायकल जोडून घेतली. तर इथेही तू मागे गप्प. अख्खा चढ मला कळेना, तू मागे आहेस की नाहीस. आणि मग एकदम, घोडा! मी म्हटलं, असू दे घोडा. हत्ती म्हणाली असतीस तरी चाललं असतं."

"मला वाटायचं, मी तुम्हाला... तुम्ही रडत होतात ना?"

"रडतच होतो."

दोघं तशीच सायकल धरून उभी राहिली. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. मग घड्याळजी म्हणाले, "चल, ऊन चढतंय," आणि या खेपेला न कुरकुरता मागे बसले.

पॅडलला लय आली तसं हॅलोबाईनं समोर बघतच विचारलं, "आहे का अजून?"

"आहे. तू रस्त्याकडे बघ."

"काय करतोय?"

"चरतोय. म्हातारा झालाय."

पुढचा प्रश्न तिनं एकतीस वर्षांत कुणाला विचारला नव्हता. "आणि शिंगरू?"

"ते आता कुठलं शिंगरू! मोठं झालं गं. बापापेक्षा उंच."

हॅलोबाईला समोरचं गवत दिसेनासं झालं. "अहो, मला रस्ता दिसत नाहीये."

"मला कडा दिसतात," घड्याळजी म्हणाले. "मी सांगतो. थोडं उजवीकडे घे. बास. आता सरळ."