गोजरबाईचा अंगठा

बद्रीनाथच्या शब्दाशिवाय त्या घरात वांग्याचं रोपसुद्धा लागत नसे. मग आईचा पाय कापायचा, तर तो त्याला न विचारता कसा कापायचा? आणि बद्रीनाथ नेमका आज अंगारकीला राजूरच्या गणपतीला गेलेला, तोही अनवाणी, आईच्या पायासाठीच नवस बोलून! त्याला आणायला मोटारसायकल पाठवली होती. पण अंगारकीच्या गर्दीत माणूस सापडायचा कुठे?

इकडे नव्या जालन्यातल्या दवाखान्यात गोजरबाईचा पाय साखरेच्या आजाराने घोट्यापर्यंत काळा पडला होता. डॉक्टर मुकुंदरावांनी पुन्हा संमतीचा कागद पुढे केला.

"विष वर चढतंय. आत्ता गुडघ्याखाली कापून भागेल. संध्याकाळपर्यंत थांबलात, तर आई हाती लागायची नाही."

"दादा येऊ द्या," भुजंग म्हणाला. बद्रीनाथचा हा धाकटा भाऊ, हातात पेन धरून घामाघूम झाला होता. "काही कमीजास्त झालं, तर दादाला काय सांगू?"

त्याची बायको नंदाबाई भिंतीला टेकून ऐकत होती. थोरल्या दिरासमोर तिने आजवर तोंड उघडलं नव्हतं. पण आता तिचा जीव तीळतीळ तुटत होता. या दोघांचं चाललंय काय? जिचा पाय, ती खाटेवर टक्क जागी आहे आणि तिला कुणी विचारत नाही!

"डाक्टरसाहेब, आत्याबाईचाच अंगठा चालंल का?"

डॉक्टर चपापले. बाईमाणूस आजारी म्हटलं, की कागद पुरुषाकडे द्यायचा, ही त्यांचीही सवय. "चालेल म्हणजे काय, त्या शुद्धीवर आहेत, तर त्यांचाच हवा. फक्त दोन साक्षीदार लागतील."

ते खाटेशी बसले आणि त्यांनी सगळं समजावून सांगितलं. गोजरबाईने एवढंच विचारलं, "मंग मला उचलंल कोन?"

"मी," नंदाबाई म्हणाली.

म्हातारीने सुनेकडे नीट पाहिलं आणि अंगठा पुढे केला. नंदाबाईने साक्षीची सही केली. भुजंग मात्र दाराकडे सरकला.

"भुजंगा, पाय काढा असं तुला म्हनायचंच न्हाई. म्या अंगठा लावला, तू पाह्यला. तेवढंच लिव्ह. जल्दी कर."

भुजंगने सही केली आणि बाहेर जाऊन तो ढसाढसा रडला.

बद्रीनाथ पोहोचला तेव्हा ऑपरेशन होऊन गोजरबाई शुद्धीवर आली होती. चादर एका बाजूला सपाट पडलेली पाहून तो गरजला, "कोनाला इचारून? कोनी सही केली?"

"म्या," गोजरबाई म्हणाली.

"आई, मी असतो तर सुरी लावू दिली नसती."

"ठावं व्हतं. म्हनून तर तुझी वाट न्हाई पाह्यली."

बद्रीनाथ खाटेच्या पायथ्याशी मटकन बसला. त्याच्या दोन्ही तळपायांना चालून चालून फोड आले होते.