वरच्या हवेची गाडी

गाडी थंड असताना सुरू करून मेदेरबेकने सायलेन्सरच्या सांध्यांवर साबणाचं पाणी सोडलं आणि बुडबुडे कुठे येतात ते डोळे फाडून पाहिलं. एकही आला नाही. वेल्डिंग पक्कं होतं. तरी गाडी जरा गावाबाहेर पळवून आणली की नळी लालबुंद!

गाडी त्याने स्वतः बांधलेली. जुन्या मोटरसायकलचं इंजिन, चार जाड चाकं, आणि नदीतून जाताना पाणी शिरू नये म्हणून सीटमागून उंच नेलेला सायलेन्सर. गेल्या हिवाळ्यात ती तयार झाली आणि वसंतात तो रशियाला बांधकामावर गेला. उन्हाळाभर त्याची बायको बुरुल तीच गाडी घेऊन सोन-कोलच्या उंच डोंगरी कुरणावर मेंढरांमागे फिरली. आता सगळी मंडळी खाली कोचकोर गावात उतरली होती, तोही परतला होता. मेंढपाळ तुर्दाकुन आज दुपारी गाडी बघायला येणार होता. त्याला पसंत पडली तर तो अशीच एक बांधून घेणार, आणि त्याचं बघून आणखी चार जण. मग मेदेरबेकला इथेच काम होतं. नाहीतर रशियातल्या मुकादमाने पुन्हा बोलावलंच होतं. थांब, असं बुरुल एकदाही म्हणाली नव्हती.

“काय म्हणतोय तुझा चहाचा समोवार?” अंगणात लोकर झोडपता झोडपता तिने विचारलं.

“हसू नकोस गं. माझा जीव टांगणीला लागलाय. वरसुद्धा असाच तापायचा का?”

“वर? छे! मागे लोण्याचा डबा बांधून न्यायचे मी. कधी वितळलं नाही.”

मेदेरबेकने करवत खाली ठेवली. तो सायलेन्सर कापायलाच निघाला होता. नळी तीच, इंजिन तेच. वर बरी, खाली ताप. म्हणजे दोष नळीचा नव्हताच. त्याने प्लग काढला. खडूसारखा पांढरा पडला होता. इंजिनाला पेट्रोल कमी पडत होतं, म्हणून ते असं भाजत होतं. घाईघाईने त्याने कार्बोरेटर उघडला आणि पेट्रोल सोडणारी पितळी जेट उजेडात धरली. भोक फारच बारीक. ही त्याने बसवलेली नव्हतीच.

“बुरुल, ही कोणी बदलली?”

“मी.”

“तू?”

“मग काय, तुझा मुकादम येणार होता? वर पोचले तर गाडी काळा धूर ओकायला लागली, चढच घेईना. तिथली हवा विरळ, तिला इतकं पेट्रोल कशाला? तुझ्या डब्यात बारीक भोकाची सापडली, ती लावली.”

“मला फोन करायचास.”

“रेंज डोंगराच्या माथ्यावर. आणि माथ्यावर जायला गाडी!”

तो तिच्याकडे बघतच राहिला. त्याने ही गाडी उबदार शेडमध्ये, सगळी हत्यारं हाताशी घेऊन बांधली होती. हिने वाऱ्यात, मेंढरं चौफेर पांगलेली असताना ती खोलली आणि पुन्हा धावती केली, आणि त्याचा उल्लेखही केला नाही. बायकोचा इतका अभिमान त्याला याआधी कधी वाटला नव्हता.

बुरुलने मात्र जीभ चावली. “तंबू उतरवला, चूल उतरवली, कुत्रं उतरवलं, आणि ही तेवढी वरचीच राहिली की रे! खाली हवा दाट, आणि पेट्रोल मात्र वरच्या मापाने.”

त्याने मोठी जेट बसवली आणि गाडी लांबवर दामटून आणली. नळी काळीच राहिली.

तुर्दाकुन आला तो हसतच. “काय रे, तुझी गाडी चहा उकळते म्हणे!”

“उकळत होती, दादा,” मेदेरबेक म्हणाला आणि त्याने झालं ते सगळं सांगितलं. लपवावंसं त्याला वाटलंच नाही. “बांधली मी, पण चालवली हिने.”

तुर्दाकुन नदीपर्यंत जाऊन आला, वाकून नळी न्याहाळली आणि दाढी खाजवली. “मलाही एक बांध. पण वर गेल्यावर ते पितळेचं बदलून द्यायला वहिनी हवी. त्याशिवाय घेणार नाही.”

“मी कशाला?” बुरुल लोकर झटकत म्हणाली. “पुढच्या उन्हाळ्यात हा असेल ना वर.”

मेदेरबेकने खिशातून फोन काढला आणि आता येत नाही हे सांगायला मुकादमाचा नंबर लावला.