पाय दुखण्याचं निमित्त

गुरुवारच्या नाचाच्या मेळाव्यातला पहिला नाच लॉर्ड टॉरवेलसाठी राखायचा, असं फिलिपाने घरूनच ठरवलं होतं. त्याने तो मागितला नव्हता. चर्चच्या दारात फक्त म्हणाला होता, "तुम्ही येणार असाल तर मीही येईन." दोन वर्षांपूर्वी द्वंद्वात त्याच्या पिस्तुलाने एक मित्र मेला. तेव्हापासून तो माणसांत मिसळलाच नव्हता.

इंग्लंडमधल्या बाथ गावच्या त्या मोठ्या हॉलमध्ये वाद्यं सुरू झाली तरी त्याचा पत्ता नव्हता. आला तो कॅप्टन सेल्विन, त्या मेलेल्या मित्राचा धाकटा भाऊ.

"मिस फिलिपा, सगळं गाव तुमच्यासाठी रांगेत उभं आहे. आज माझा नंबर पहिला!"

टॉरवेलचं नाव याच्यापुढे कसं काढायचं? तिच्या तोंडून निघून गेलं, "पाय दुखतोय, कॅप्टन. आज नाचणार नाही."

"मग पायावर लक्ष ठेवतो हं," तो हसला आणि समोरच्या खांबाला टेकून उभा राहिला.

शेजारी बसलेल्या मावशीने हातपंख्याआडून डोळे वटारले. "काय केलंस गं हे! एकाला नाही म्हटलं की त्या रात्री दुसऱ्याबरोबर उठता येत नाही, हे आता तुला शिकवू का? उठलीस तर त्याचा भर सभेत अपमान. भावाच्या मरणापासून तो टॉरवेलला द्वंद्वाचं आव्हान द्यायला निमित्तच शोधतोय."

तेवढ्यात टॉरवेल दारात दिसला. सरळ तिच्यापुढे येऊन त्याने हात पुढे केला. 

"उशीर झाला. वाटेतून दोनदा गाडी माघारी वळवली होती. नाचाल माझ्याबरोबर?"

खांबाशी सेल्विन ताठ झाला होता.

"मी आज नाचत नाहीये, मिलॉर्ड."

टॉरवेलने स्वतःच्या हाताकडे पाहिलं. "बरोबर आहे. हा हात कोण धरणार," म्हणाला, लवून नमस्कार केला आणि गेला.

"मावशी, सकाळी मी त्यांना पत्र लिहून सगळं सांगते."

"लग्न ठरलेलं नाही, काही नाही, आणि परक्या पुरुषाला पत्र? गावभर अब्रू जाईल."

"मग तू सांग."

"मी? तो टळला, माझ्या मनासारखं झालंय. मी कशाला बिघडवू?"

पंधरा दिवसांत टॉरवेल बोटीने परदेशी गेला. त्यानंतरच्या गुरुवारी सेल्विन पुन्हा समोर उभा राहिला.

"पाय काय म्हणतोय?"

"बरा झाला," फिलिपा म्हणाली आणि त्याचा हात धरून उठली.