कार्बन फाडून दाखवायचा

कचेरीच्या व्हरांड्यात, डावीकडून तिसऱ्या खांबाशी, एकतीस वर्षं माझं टेबल होतं. माझ्याआधी तिथं सासूबाई बसायच्या. लोक यायचे, अडचण सांगायचे, मी अर्ज टाइप करून द्यायची. जन्माचा दाखला, अडलेली पेन्शन, भांडकुदळ शेजारी, काय वाट्टेल ते. माझा हात असा चालतो की समोरच्याचं वाक्य संपतं न संपतं तोवर माझं कागदावर उतरलेलं असतं. हे मी फुशारकी म्हणून सांगत नाही. बरं, सांगते फुशारकी म्हणून. काय बिघडलं?

सासूबाईंनी मला मशीन शिकवायच्या आधी कार्बन शिकवला. दोन प्रती काढायच्या तर मध्ये कार्बन घालावा लागतो, आणि नवा कार्बन एकदा वापरला की उजेडाला धरून त्यावरचं अक्षर न् अक्षर वाचता येतं. बाकीचे टायपिस्ट एकेक कार्बन आठवडाभर घासायचे. सासूबाई दरवेळी नवा घ्यायच्या आणि काम झालं की त्या माणसाच्या डोळ्यांदेखत त्याचे तुकडे करायच्या. "कागद ज्याचा त्याचा," म्हणायच्या. "आपल्याकडे त्याचा टिकलीएवढा तुकडासुद्धा राहता कामा नये." लोक त्यांना विक्षिप्त म्हणायचे, आणि अब्रूचं काम असलं की त्यांच्याचकडे यायचे. मीही एकतीस वर्षं तेच केलं.

मग या वर्षी कचेरीच्या दारावर नोटीस लागली. तीन महिन्यांनी, पहिल्या तारखेपासून, अर्ज फक्त कॉम्प्युटरवर केलेले घेणार. आणि व्हरांड्यात बसायला कॉम्प्युटरचं प्रमाणपत्र लागणार. नसेल त्यानं टेबल उचलायचं. कोपऱ्यावरचा झेरॉक्सवाला नोटीस वाचून सरळ माझ्या टेबलापाशी आला आणि पावलं टाकून जागा मोजायला लागला. त्याच्याकडे प्रमाणपत्र आधीपासून होतं.

"मोज, मोज," मी म्हटलं. "मी अजून मेले नाहीये."

वाचनालयाच्या वर कॉम्प्युटरचा वर्ग चालायचा. बारा मशिनं, एक कुरकुरणारा पंखा आणि शिकवायला माझ्या लेकीच्या वयाची एक मुलगी. सगळे तिला मॅडम म्हणायचे. मी तोंडावर मॅडम आणि मनात पोरगी म्हणायची. माझ्या उजवीकडे एक प्लंबर बसायचा. पाणीखात्यात आता तक्रारी कॉम्प्युटरवर नोंदवायच्या म्हणून त्याला पाठवलं होतं. तो माउस असा आवळून धरायचा की जणू नळ गळतोय. पहिल्याच दिवशी त्यानं काय केलं, तर खिशातून पाना काढून डुगडुगणाऱ्या टेबलाचा पाय घट्ट करून टाकला. म्हणाला, "चला, आज मला काहीतरी आलं." डावीकडे निवृत्त नर्सबाई. त्या प्रत्येक गोष्ट वहीत लिहून घ्यायच्या, "मशीन चालू करणे" हेसुद्धा.

टायपिंग सुरू झालं तेव्हा वर्गाचं तोंड उघडंच राहिलं. मी धडाधडा सुटले. पोरगी धावत आली. "मावशी, हळू! एवढं जोरात नाही मारायचं, मोडेल."

"मोडलं तर चांगलं नव्हतंच," मी म्हटलं.

पण ओळ संपली की माझा डावा हात आपोआप वर जायचा, कागदाची गाडी मागे ढकलायला. तिथं गाडीच नाही! हात हवेत. प्लंबर म्हणायचा, "मावशी, कोणाला बोलावताय?" सगळे हसायचे, मीही हसायची, पण आतून तिडीक जायची. एकतीस वर्षांचा हात एका दिवसात मूर्ख ठरतो म्हणजे काय?

तरी ते जमलं. न जमलेलं वेगळंच होतं.

सराव परीक्षेत पोरीनं एक पान टाइप करायला दिलं. मी सगळ्यांच्या आधी संपवलं, छापलं, पान तिच्या हातात ठेवलं आणि मशीन बंद केलं. एकही चूक नाही. तिनं माझ्या मशीनवर जाऊन शोधाशोध केली आणि परत आली.

"मावशी, फाइल कुठंय?"

"दिलं ना पान."

"ते छापलेलं. मशीनमध्ये कुठं ठेवलंत? बंद करताना त्यानं विचारलं असेल, जतन करायचं का म्हणून."

"विचारलं की. मी नाही म्हटलं."

"का?"

"का म्हणजे? काम झालं, कागद दिला. मी कशाला ठेवू?"

पोरगी म्हणाली, "परीक्षेत फाइल तपासतात. फाइल नसेल तर त्या भागाला शून्य." हे असं तीनदा झालं. चौकट समोर आली की माझं बोट मला न विचारता नाहीवर जायचं. पोरीच्या नाकी नऊ आले. शेवटी तिनं एका चिठ्ठीवर मोठ्या अक्षरात 'होय' लिहून ती माझ्या मशीनच्या कपाळावर चिकटवली.

मी तिला विचारलं, "आणि ठेवलेलं पुसायचं असेल तर?"

"पुसलं की ते कचरापेटीत जातं."

"मग गेलं?"

"नाही, तिथून परत काढता येतं. कचरापेटी रिकामी करावी लागते."

"म्हणजे तुमच्यात टाकलेला कचरा उठून घरात परत येतो," मी म्हटलं. "काय बाई रीत!" प्लंबर खो खो हसला, पण नर्सबाईंनी ते वहीत लिहून घेतलं.

नोटिशीतली तारीख जवळ आली तशी मी ऐकायला लागले. बोटाला वळण लावलं. होय, होय, होय. शेवटच्या आठवड्यात तर पोरीनं चिठ्ठी काढून टाकली, तरी चुकले नाही.

परीक्षेला बाहेरून परीक्षक आले. कचेरीतूनच, बगलेत फायलींचा गठ्ठा. लेखी झाली. त्यात माझी धूळधाण उडणार हे मला ठाऊकच होतं, मशीनच्या कुठल्या भागाला काय म्हणतात हे माझ्या डोक्यात राहत नाही. भरवसा होता तो टायपिंगवर. परीक्षकांनी प्रत्येकाला एकेक झेरॉक्स वाटली. "हा अर्ज जसाच्या तसा उतरवा, तुमच्या नावाच्या फोल्डरमध्ये ठेवा आणि छापा. चाळीस मिनिटं."

मी कागद समोर धरला आणि पहिल्याच ओळीला थांबले. त्यातला प्रत्येक 'त' ओळीपेक्षा जरासा वर बसला होता.

तसा 'त' या गावात एकाच मशीनवर उमटतो. माझ्या.

मी पुढं वाचलं. वाचायची गरज नव्हती. थंडीच्या दिवसांत एक बाई आली होती, लहान मुलीचा हात धरून. नवऱ्याच्या मारापायी घर सोडलेलं. तिचा अर्ज एवढाच होता की कचेरीच्या कागदांवर माझा नवा पत्ता घ्या, पण तो माझ्या नवऱ्याला कळू देऊ नका. खाली नाव, नवा पत्ता, फोन नंबर. मी कार्बन फाडला तेव्हा तिनं ते तुकडे मागून घेतले आणि स्वतःच्या पिशवीत टाकले होते.

आणि इथं त्याच्या बारा प्रती वाटलेल्या. प्लंबर तर एका बोटानं तिचं नाव टाइप करायला लागलासुद्धा.

माझ्या अंगाचा असा भडका उडाला की काय सांगू. पण टेबल डोळ्यांसमोर होतं, म्हणून मी तोंड आवरलं आणि उठून परीक्षकांपाशी गेले. हळूच म्हटलं, "साहेब, हा खरा अर्ज आहे. दुसरं काहीतरी द्या."

"नमुना आहे हो. हाताला लागला तो आणला."

"या बाईनं पत्ता लपवा म्हणून अर्ज केलाय."

"मग? इथं कोण वाचतंय?"

"बारा जण वाचतायत," मी म्हटलं. हे मात्र हळू नाही म्हटलं.

त्यांनी घड्याळ दाखवलं. "जागेवर बसा. नाहीतर गैरहजर मांडतो."

मी बसले. तिसरा खांब आठवला, सासूबाई आठवल्या, पावलं मोजणारा झेरॉक्सवाला आठवला. मला रडू येत होतं आणि रडू येतंय याचाच जास्त राग येत होता. मग मी टाइप करायला लागले. मजकूर सगळा उतरवला, पण नाव आलं की टिंबं, पत्ता आला की टिंबं, फोनच्या जागी टिंबं. आणि मोठ्यानं म्हटलं, "नाव-पत्ता कोणी घालू नका. टिंबं द्या. ही बाई लपून राहतेय."

"एकेका शब्दाचे गुण कापीन," परीक्षक म्हणाले.

प्लंबर म्हणाला, "माझे तसेही जाणारच आहेत," आणि जेवढं टाइप केलं होतं तेवढं एकेक अक्षर पुसत मागे आला. नर्सबाईंनी चष्म्यावरून परीक्षकांकडे एक नजर टाकली आणि टिंबं दिली. बाकीच्यांपैकी काहींनी दिली, काहींनी नाही. त्यांना मी दोष देत नाही, त्यांचीही कामं अडली होती. नाव त्या अर्जात पाच ठिकाणी होतं आणि पत्ता दोन. काय कापलं जाणार हे मला चांगलं कळत होतं. मी फाइल जतन केली, होयवर बोट ठेवून, आणि पान छापून दिलं.

परीक्षक गुणपत्रक भरून गेले तसं पोरीनं दार लावून घेतलं. तिनं सगळ्यांकडून झेरॉक्स गोळा केल्या आणि फाडल्या. बारा मशिनांवरून फायली पुसल्या, मग बाराच्या बारा कचरापेट्या रिकाम्या केल्या. मी तिच्यामागून मशीन-मशीन फिरले आणि डोळ्यांनी बघितलं. छापलेली पानं परीक्षकांबरोबर कचेरीत गेली, ती काही आमच्या हातात नव्हती. कचेरीच्या मोठ्या साहेबांच्या नावानं त्याबद्दल आम्ही दोघींनी तक्रार लिहिली. पोरगी म्हणाली, "मावशी, हे मीच आधी शिकवायला हवं होतं." त्या दिवसापासून मी तिला मनातही मॅडम म्हणते.

साठ हवे होते. मला सत्तावन्न मिळाले. प्लंबर बरोब्बर साठावर पास झाला आणि आठवडाभर माझी नजर चुकवत राहिला, जसं काही माझे तीन त्यानंच पळवले.

पहिल्या तारखेला मी टेबल उचललं. झेरॉक्सवाल्यानं एका बाजूनं हात लावला, हे कबूल केलं पाहिजे. पुढची परीक्षा सहा महिन्यांनी होती. घरी बसून मी दोन दिवस भांडी आपटली. तिसऱ्या दिवशी मॅडम दारात. "दुपारी दोन ते चार वर्ग रिकामा असतो. कोपऱ्यातलं मशीन तुमचं. कचेरीला अर्ज कॉम्प्युटरवरचा हवाय ना? तो कुठं बसून केला हे कोणी विचारत नाही."

महिनाभर तीन-चार लोक आले, तेही प्लंबरानं पाठवलेले. जिने चढून कोण येतं?

मग एका दुपारी ती बाई आली. व्हरांड्यात विचारलं, तिथून इकडे पाठवलं म्हणाली. मुलीची शाळा बदलायची होती, त्याचा अर्ज. ती खुर्चीवर बसायला गेली तसं मी तिला थांबवलं.

"आधी माझं ऐक. मग बसायचं तर बस."

मी सगळं सांगितलं. अर्ज कसा बाहेर आला, कितीजणांच्या हातात गेला, किती कागद फाडले, किती फाडता आले नाहीत. टिंबांचंही सांगितलं, पण गुणांचं नाही. तिचा चेहरा पांढरा पडला. ती तशीच दारापर्यंत गेली. मला वाटलं, गेली. तिनं बोलावं, शिव्या द्याव्यात, असं मला फार वाटत होतं. ती तिथंच उभी राहिली, जिन्याकडे बघत.

मग वळून तिनं विचारलं, "या मशीनमध्ये राहतं का सगळं?"

"ठेवलं तर राहतं."

ती परत येऊन बसली. मी टाइप केलं. नाव, पत्ता, शाळा. पान छापलं, तिनं दोनदा वाचलं आणि घडी घालून पिशवीत ठेवलं. मी बंद करायला गेले तशी ती चौकट आलीच, जतन करायचं का म्हणून. मी हात मागे घेतला. पडदा तिच्याकडे वळवला आणि माउस तिच्यासमोर सरकवला.

"हा माझा कार्बन," मी म्हटलं. "तूच फाड."

तिनं कधी माउस धरला नव्हता. बाण इकडेतिकडे पळाला, एकदा पडद्याच्या कडेला जाऊन लपला. मी मदत केली नाही. तिनं तो शोधून काढला, सावकाश 'नाही'वर आणला आणि बोट दाबलं. पान गेलं. पिशवी उचलत ती म्हणाली, "पुढच्या सोमवारी येते, अजून एक काम आहे."