जखिणीच्या डोळ्यांत काजळ

भुताखेतांची जुनी चित्रांची पुस्तकं गोळा करतो म्हटलं की लोक हसतात. हसा राव. रद्दीवाल्यांची धूळ खाऊन माझा दमा वाढला, बायकोनं बोलायचं टाकलं, आणि हवं ते एकच पुस्तक काही हाताला लागेना: 'जखिणीची बारव'. आता वीट आलाय. लई वीट आलाय.

थोरला भाऊ सोपान ते मला वाचून दाखवायचा, पिंपरी पेंढारला, कांद्याच्या चाळीमागं बसून. मला तेव्हा वाचता येत नव्हतं. गोष्टीत शेवटी दोन भावांतला थोरला जखिणीला चकवतो, दोघं घरी येतात आणि आई भाकरी वाढते. पुढं सोपान तापानं गेला, पुस्तक कुणीतरी बंबात घातलं. त्याच्या आवाजातलं तेवढं तरी मला परत पाहिजे होतं.

शिनोलीच्या जानकाबाईंकडं ते आहे असं कळलं, तशी गाडीला किक मारली. म्हातारीनं माळ्यावरची पत्र्याची पेटी उघडली. तेच पुस्तक! पान उलटलं आणि माझं टाळकंच सटकलं. पुस्तकावर पेनाचा ठिपका असला तरी मी घेत नाही, आणि इथं पानोपानी जखिणीच्या डोळ्यांवर काळे फराटे.

"आजी, वाटोळं केलं की हो! कुणाचे हे उद्योग?"

"माझंच. काजळ हाय त्ये," ती म्हणाली. "आमचा भागू ल्हान व्हता, झोपंत दचकायचा. वाचू नगं म्हणलं तर ऐकंना. मंग तिचं डोळंच बुजवलं. तिला दिसलंच न्हाई, तर धरंल कशी?"

मी कपाळाला हात लावला आणि शेवटचं पान काढलं. ते तेवढं स्वच्छ होतं. भागू तिथवर पोचायच्या आधीच झोपायचा म्हणे.

ते पान मला दोनदा वाचावं लागलं. जखीण थोरल्याला बारवेत ओढून नेते. धाकटा काठावर एकटाच उभा. घर नाही, आई नाही, भाकरी नाही.

सोप्या, लेका! दर वेळी खोटं वाचलंस माझ्यासाठी.

मला रडू कोसळलं. जानकाबाई घाबरली. "काय झालं रं भाऊ? पाणी देऊ?"

"पाणी नको आजी. काजळाची डबी हाय का अजून?"

तिनं देवळीतली डबी आणून दिली. मी बोट बुडवलं आणि सोपानला ओढून नेणाऱ्या त्या बाईचे दोन्ही डोळे लिंपून टाकले.