पांढऱ्या गुलाबाची फांदी

हेझलच्या दाराशी तिच्या नवऱ्याने, सिडनीने लावलेला पांढरा गुलाब यंदाच्या थंडीत वाळून गेला. तो गेल्यावर तेवढीच त्याची जिवंत खूण उरली होती. त्या गुलाबाची फांदी सिडनीने तरुणपणी हार्टलकोटच्या जुन्या हवेलीच्या बागेतून चोरली होती. म्हणून जुलैच्या उन्हात बहीण बेरिलला घेऊन हेझल तिथेच आली. पर्समध्ये कात्री आणि ओला रुमाल होता.

“चर्चमध्ये पुढच्या बाकावर बसतेस, आणि इथे चोरी?” बेरिल कुजबुजली.

“तू नुसती आड उभी राहा गं. तेवढी रुंद आहेस.”

कात्री फांदीला लागणार, तोच मागून माळीणबाई आली. हेझलने लाजून सगळं खरं सांगून टाकलं.

“टोपीवाले, जरा लंगडणारे सिडनी?” माळीणबाई म्हणाली. “आमचा जुना गुलाब कीड लागून मेला, तेव्हा तेच घरची फांदी घेऊन आले. म्हणाले, उसनी नेली होती. हे झाड त्याच फांदीचं.”

सिडनीने घरी हे कधी बोलून दाखवलं नव्हतं. माळीणबाईने कापून दिलेली फांदी हेझलने ओल्या रुमालात गुंडाळली आणि डोळे मिटून मनातल्या मनात देवाचे आभार मानले.

“आता इथल्या चहाघरात चहा तरी विकत घेऊन पिऊ,” बेरिल म्हणाली.